दुर्बिणीतून ऑपरेशन झाल्यावर छिद्रांच्या जागी देतात ते बधिर करायचं इंजेक्शन: खरंच उपयोग होतो का?

गारवेल

पुढच्या पंधरवड्यात माझं ऑपरेशन आहे. डाव्या अंडाशयावरची गाठ दुर्बिणीतून काढायची आहे. ही माझी दुसरी वेळ. सहा वर्षांपूर्वी एंडोमेट्रिओसिससाठी (गर्भपिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढतं तो आजार) दुर्बिणीतूनच झालं होतं. तेव्हा जो तो म्हणत होता, "तीन तर छिद्रं, दुसऱ्या दिवशी घरी." घरी आले दुसऱ्या दिवशी, पण ती मधली रात्र मी विसरलेले नाही. बेंबीपाशी कुशीवर वळता येऊ नये इतकं दुखत होतं. त्याहून भीती वाटली ती उजव्या खांद्याची. खांद्याला कोणी हातही लावलेला नव्हता, मग तो का ठणकतोय? मला वाटलं हृदयाचं काहीतरी झालंय. रात्रपाळीच्या नर्सला विचारलं तर "होतं असं" एवढंच उत्तर मिळालं.

या वेळी तपासणीला गेले तेव्हा भूलतज्ज्ञ म्हणाल्या की जिथे छिद्रं पाडतात तिथे बधिर करणारं औषध टोचणार आहेत. पूर्ण भूल असणारच, हे त्याशिवाय. मी तेव्हा मान डोलावली आणि घरी आल्यावर प्रश्न सुचायला लागले. हे कोणाला दिलं होतं का? किती वेळ टिकलं? उतरल्यावर काय झालं? आणि खांद्याला त्याचा उपयोग होतो का?

रानजाई

गारवेल, खांद्याचं वाचून अंगावर काटा आला. अगदी हेच माझं. गर्भपिशवी काढली दुर्बिणीतून, दोन वर्षं झाली. मला इंजेक्शन दिलं होतं हे नंतर डिस्चार्ज कार्डावर वाचून कळलं. शुद्धीवर आले तेव्हा पोटाची कातडी, म्हणजे छिद्रांची जागा, मुकी होती. हात फिरवला तर दुसऱ्याच कोणाच्या पोटावरून फिरवल्यासारखं वाटलं. पण आत खोल, ओटीपोटात, पाळीच्या पहिल्या दिवसासारखी कळ होती आणि ती चांगलीच होती. संध्याकाळी कधीतरी छिद्रंही बोलायला लागली. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर: उपयोग झाला, पण अर्ध्या दुखण्यावर.

सरळरेषा

माझं मत वेगळं आहे. माझ्या बहिणीला दिलं होतं. दुपारभर ती मजेत बोलत होती, रात्री नऊला एकदम असं दुखायला लागलं की आम्ही सगळे घाबरलो. हळूहळू दुखलं असतं तर शरीराला सवय तरी झाली असती. आधी बधिर करायचं आणि मग सगळं एकदम अंगावर यायचं, त्यापेक्षा साधी गोळी बरी असं मला वाटतं.

टिटवी

@सरळरेषा, रात्री नऊच्या आधी तिला गोळी कधी दिली होती?

सरळरेषा

दुखत नव्हतं म्हणून तिने घेतलीच नव्हती. नर्सने विचारलं होतं, ती नको म्हणाली.

टिटवी

मग तिथेच चुकलं. मी शस्त्रक्रियेनंतरच्या वॉर्डात बारा वर्षं नर्स आहे. हे इतक्या वेळा पाहिलंय की आता मी बाईच्या उशाशी उभं राहून सांगते, "दुखत नाहीये म्हणूनच आता घ्या." गोळीला चढायला वेळ लागतो. इंजेक्शन उतरायच्या आधी गोळी पोटात असली की दोन्हींची गाठ पडते, मधे खड्डा पडत नाही. पॅरासिटामॉल घड्याळ बघून द्यायचं, चेहरा बघून नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. वेगवेगळ्या नावांच्या गोळ्यांत पॅरासिटामॉलच असू शकतं. निरोगी मोठ्या माणसालाही दिवसाला सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर जाऊ नये, वजन कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर मर्यादा त्याहून कमी. घरी गेल्यावर आपल्या मनाने दुसरी पाकिटं उघडू नका. आणि आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गटातल्या गोळ्या मूत्रपिंडाचा त्रास, पोटातला अल्सर, काही प्रकारचा दमा असलेल्यांना चालत नाहीत, ते आधीच सांगा.

शुद्धीवर

मी भूलतज्ज्ञ आहे, स्त्रीरोगाच्या शस्त्रक्रिया हे माझं रोजचं काम. धागा चांगला निघालाय म्हणून थोडं सविस्तर लिहितो. तुमच्यासाठी नेमकं काय योग्य हे तुमच्या डॉक्टरच ठरवतील, मी फक्त यामागचं गणित सांगतोय.

दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर दुखणं एक नसतं, तीन असतात. पहिलं पोटाच्या भिंतीचं, म्हणजे छिद्रांचं. दुसरं आतल्या अवयवांचं: जिथून गाठ काढली, जिथे पिशवी कापून टाके घातले. तिसरं खांद्याचं. छिद्रात टोचलेलं औषध फक्त पहिल्यावर चालतं. रानजाईंनी "अर्ध्या दुखण्यावर" म्हटलंय, ते मला पुस्तकातल्या वर्णनापेक्षा नेमकं वाटलं.

औषध काय करतं? मज्जातंतूच्या पडद्यात सोडियमची सूक्ष्म दारं असतात. ती उघडली की संदेश पुढे सरकतो. हे औषध तंतूच्या आत शिरून आतून ती दारं अडवतं. जखम तिथेच असते, तिची बातमी मेंदूपर्यंत जात नाही. लिग्नोकेन लवकर चढतं आणि तास-दोन तासांत उतरतं. बुपिव्हाकेन चढायला थोडं जास्त घेतं पण साधारण ४ ते ८ तास टिकतं, म्हणून या कामाला बहुधा तेच किंवा त्याचं भावंड रोपिव्हाकेन वापरतात. सकाळी ११ ला ऑपरेशन संपलं तर संध्याकाळपर्यंत ते उतरणार. सरळरेषांच्या बहिणीचे रात्रीचे नऊ या हिशेबात साधारण बसतात.

मोठ्या नसांचे ब्लॉक (नसेभोवती औषध देऊन तिचा अख्खा भाग बधिर करणं) उतरताना दुखणं उसळतं हे खरं आहे, आम्हीही ते मानतो. पण छिद्रापुरत्या औषधाने दुखणं "साठून" राहत नाही. जे आधीपासून दुखायचं होतं तेच तेव्हा कळतं. टिटवींनी उपाय सांगितलाच आहे.

कंदील

बायकोचं पुढच्या महिन्यात आहे म्हणून वाचतोय. डॉक्टर, हे औषध छिद्र पाडायच्या आधी द्यायचं की शेवटी टाके घालताना? आमच्या ओळखीत दोघींना दोन वेगवेगळ्या पद्धतीने दिलंय.

शुद्धीवर

यावर आमच्यातही वाद आहेत. आधी दिलं तर मज्जासंस्था मुळात चाळवलीच जात नाही, असा विचार. शेवटी दिलं तर औषधाचे तास ऑपरेशनमध्ये खर्च न होता शुद्धीवर आल्यानंतर कामी येतात, हा दुसरा विचार. चाचण्यांचे निष्कर्ष दोन्हीकडे झुकलेले आहेत, म्हणजे फरक असलाच तर लहान. माझ्या अनुभवात वेळेपेक्षा जागा महत्त्वाची. नुसत्या कातडीखाली टोचून भागत नाही. स्नायूंवरचं जाड आवरण आणि त्याखालचा पोटाचा आतला पडदा, इथपर्यंत औषध गेलं पाहिजे. बेंबीचं छिद्र सहसा सगळ्यांत मोठं, १० ते १२ मिलिमीटरचं. बाजूची ५ मिलिमीटरची. गाठ किंवा तुकडे ज्या छिद्रातून बाहेर काढतात ते ताणलं जातं आणि जास्त दुखतं. औषध वाटताना त्या छिद्राला जास्त वाटा द्यावा.

जास्वंद

एक भीती विचारते, बावळट वाटली तरी चालेल. आत काही बिघडलं असेल आणि आपण पोट बधिर करून ठेवलं, तर धोक्याचं दुखणं झाकलं जाणार नाही का? माझ्या सासूबाई हेच म्हणतात की दुखणं ही सूचना असते, ती बंद करू नये.

टिटवी

बावळट अजिबात नाही, फार चांगला प्रश्न आहे. बधिर होते ती भिंत, आतलं घर नाही. आतड्याला वगैरे इजा झाली असेल तर ते दुखणं खोलवरून येतं आणि बहुतेकदा पुढच्या दिवसांत वाढत जातं. तोपर्यंत हे औषध केव्हाच उतरलेलं असतं. सगळ्यांनी लिहून ठेवा: दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर दुखणं रोज थोडं थोडं कमी व्हायला हवं. कमी व्हायचं सोडून वाढत असेल, ताप आला, उलट्या थांबत नाहीत, पोट फुगून कडक झालं, लघवी होत नाही, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. तेव्हा "गॅसेस असतील" म्हणून घरी बसू नका.

रानजाई

जास्वंद, सासूबाईंचं पहिलं वाक्य पटलं, दुसरं नाही. सूचना एकदा पोचली की पुरे. बाळंतपणापासून पिशवी काढण्यापर्यंत आपल्याला "सहन कर" हेच शिकवलंय. माझी आई ऑपरेशननंतर तीन दिवस दात आवळून पडून होती. कुशीवर वळली नाही, खोल श्वास घेतला नाही, चालली नाही. दुखणं दाबण्यात तिची सगळी ताकद गेली. मी दुसऱ्या दिवशी जिन्यापर्यंत चालत गेले. मी तिच्याहून शूर नव्हते, मला दुखू दिलं नाही एवढंच.

शेवंती२३

+१ रानजाई. डोळ्यांत पाणी आलं.

वाटसरू

थोडं अवांतर, पण या औषधांचा इतिहास मला फार आवडतो म्हणून. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर होतो हे दाखवलं. त्याआधी औषधाने जागच्या जागी बधिर करणं हा प्रकार वैद्यकात जवळजवळ नव्हताच. कोकेनचे धोके लवकरच कळले, मग पर्यायांचा शोध सुरू झाला. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेनने लिडोकेन, म्हणजे आपलं लिग्नोकेन, तयार केलं. त्याचा तरुण सहकारी लुंडक्विस्ट ते स्वतःच्या शरीरावर टोचून पाहायचा. बुपिव्हाकेन १९५७ चं, तेही स्वीडनमधलंच. गंमत अशी की दुर्बिणीतून गर्भपिशवी काढण्याची पहिली शस्त्रक्रिया हॅरी राइश यांनी केली १९८८ मध्ये. म्हणजे औषध आधीच तीस वर्षं तयार होतं, छिद्रं नंतर आली.

जास्वंद

वाटसरू, सुंदर माहिती. अवांतरावरून आठवलं, मला दाताच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं तेव्हा छाती इतकी धडधडली की त्यांनी "तुम्हाला अ‍ॅलर्जी आहे" असं सांगून टाकलं. मग मला हे चालणारच नाही का?

शुद्धीवर

दातांच्या इंजेक्शनमध्ये बहुतेक वेळा अ‍ॅड्रेनलिन मिसळलेलं असतं, रक्तस्राव कमी व्हावा आणि औषध जास्त टिकावं म्हणून. त्याने छाती धडधडते, हात थरथरतात. ती अ‍ॅलर्जी असेलच असं नाही. लिग्नोकेन, बुपिव्हाकेन या गटातल्या औषधांची खरी अ‍ॅलर्जी फार विरळ. पण "विरळ आहे" म्हणून गप्प बसू नका. तेव्हा अंगावर पुरळ होतं का, ओठ सुजले का, श्वास लागला का, जे झालं ते जसंच्या तसं भूलतज्ज्ञांना सांगा. गरज वाटली तर ते तपासणी करून घेतील.

खरी काळजी असते प्रमाणाची. बुपिव्हाकेन वजनाच्या दर किलोला साधारण २ मिलिग्रॅम, फार तर अडीच. ५० किलोच्या बाईला १०० मिलिग्रॅम धरलं तर ०.२५ टक्क्यांचं औषध ४० मिलिलिटर होतं आणि ०.५ टक्क्यांचं फक्त २०. टक्केवारी बदलली की मर्यादा निम्म्यावर येते, म्हणून सर्जन आणि भूलतज्ज्ञ हा आकडा एकमेकांना मोठ्याने सांगतात. जास्त झालं किंवा चुकून रक्तवाहिनीत गेलं तर जागं माणूस सांगतं की ओठांभोवती मुंग्या येतायत, तोंडात धातूची चव आहे, कानात आवाज येतोय. पुढे झटके येऊ शकतात, हृदयाची लय बिघडू शकते. पूर्ण भूल असलेला पेशंट हे बोलू शकत नाही, म्हणून आमची नजर मॉनिटरवर असते. यावरचा उतारा म्हणून शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रावण ऑपरेशन थिएटरमध्ये हाताशी असावं लागतं. हे घडणं दुर्मीळ आहे, पण ते दुर्मीळ राहतं ते या हिशेबामुळेच.

गारवेल

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मला कोणी समोर बसवूनही सांगितलं नव्हतं. पण खांद्याचा प्रश्न अजून तसाच आहे.

शुद्धीवर

हो, तोच राहिला. पोटात जागा व्हावी म्हणून कार्बन डायऑक्साइड भरतात, दाब साधारण १२ ते १५ मिलिमीटर पारा. शेवटी तो सोडून देतात, पण थोडा उरतोच. स्त्रीरोगाच्या ऑपरेशनमध्ये डोकं खाली, पाय वर असा उतार असतो. उरलेला वायू श्वासपटलाखाली, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याखाली, जाऊन बसतो. ओलसर पडद्यावर त्याचं आम्ल होतं, पटल चुरचुरतं, ताणलंही जातं. श्वासपटलाची नस मानेतून निघते, तिसऱ्या ते पाचव्या मणक्याच्या पातळीवरून, आणि खांद्याच्या कातडीची संवेदनाही तिथेच पोचते. मेंदूला पत्ता नीट लागत नाही. तो खांद्याचं नाव घेतो.

म्हणून छिद्रातलं औषध खांद्याला लागू पडत नाही. तिथे उपयोगी पडतं ते म्हणजे दाब शक्य तितका कमी ठेवणं आणि शेवटी वायू नीट बाहेर काढणं. छिद्रं उघडी असताना आम्ही फुफ्फुसं दोन-चार वेळा भरपूर फुगवतो, त्याने पटल खाली येतं आणि वायू ढकलला जातो. गारवेल, तुमच्या भूलतज्ज्ञांना हे विचारा. आधीच्या वेळचा खांद्याचा त्रास आवर्जून सांगा. दोन-तीन दिवसांत वायू शोषला जातो आणि दुखणं जातं. पण दुखणं छातीत असेल, दम लागत असेल, तर ते खांद्याच्या खात्यात टाकू नका, लगेच दाखवा.

कंदील

आमच्या डॉक्टरांनी "टॅप ब्लॉक"चंही नाव घेतलं. आणि कोणीतरी तीन दिवस टिकणारं औषध असतं असं म्हणालं. ते जास्त चांगलं नाही का?

शुद्धीवर

टॅप ब्लॉकमध्ये सोनोग्राफीत बघून पोटाच्या स्नायूंच्या दोन थरांमध्ये औषध सोडतात, तिथून भिंतीच्या नसा जातात. पोट उघडून केलेल्या मोठ्या ऑपरेशनला मी तो आनंदाने देतो. चार लहान छिद्रांसाठी, छिद्रातच नीट टोचलेल्या औषधापेक्षा तो फारसं जास्त देत नाही असं बऱ्याच चाचण्यांत दिसलंय. आतलं दुखणं तोही थांबवत नाही.

तीन दिवसांचं म्हणजे बुपिव्हाकेन चरबीच्या सूक्ष्म कणांत भरून हळूहळू सोडणारं औषध, अमेरिकेत २०११ मध्ये त्याला परवानगी मिळाली. कल्पना उत्तम आहे. पण साध्या बुपिव्हाकेनशी तुलना केली तेव्हा बहुतेक चाचण्यांत फार मोठा फरक निघाला नाही. मी माझ्या घरच्या माणसासाठीही नीट टोचलेलं साधं औषध आणि वेळेवरच्या गोळ्या हेच निवडेन.

टिटवी

मी एक जोडते. खाली मांडीच्या वरच्या बाजूला ब्लॉक दिला असेल किंवा बाजूच्या छिद्रांत जास्त औषध गेलं असेल तर ते कधी कधी मांडीच्या नसेपर्यंत उतरतं. मग काही तास पाय जड, गुडघा दुमडतो. एका बाईला बाथरूमच्या दारात मी वेळेवर धरलं होतं. ती घाबरून रडत होती, तिला वाटलं पाय गेला. रात्रीपर्यंत सगळं पूर्ववत. तेव्हापासून पहिल्यांदा उठताना कोणाला एकटं सोडत नाही. तुम्हीही पहिल्यांदा एकट्या उठू नका.

शेवंती२३

खोकला आला तर काय करायचं? माझी मैत्रीण सांगत होती की तिला हसवलं तरी पोट ओढायचं.

रानजाई

उशी! पोटावर उशी दोन्ही हातांनी दाबून धरायची आणि मग खोकायचं. हसणं मात्र कठीण. माझा भाऊ भेटायला आला आणि जुने किस्से सांगत सुटला. मी उशी दाबून "गप्प बस, टाके ओढतात" म्हणत होते आणि तो आणखी सांगत होता. शेवटी टिटवींसारख्याच एका नर्सने त्याला बाहेर बसवलं.

सरळरेषा

बहिणीशी बोललो. ती म्हणाली की दुपारभर नीट झोप लागली ती त्या इंजेक्शनमुळेच, आणि पुन्हा वेळ आली तर ती ते घेईल, फक्त गोळी नाकारणार नाही. माझं आधीचं मत मी बदलतोय. तिला विचारायच्या आधी मीच तिच्या दुखण्याबद्दल मत बनवलं होतं.

गारवेल

(अकरा दिवसांनी)

झालं. आज चौथा दिवस, उठून बसून लिहितेय. ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञांना तीन गोष्टी सांगितल्या: मागच्या वेळचा खांदा, जुनं ओटीपोटाचं दुखणं आणि गाडी लागते ते. त्यांनी सगळं लिहून घेतलं. गाडी लागणाऱ्या बायकांना, विशेषतः अशा ऑपरेशननंतर, मळमळ जास्त होते, म्हणून त्याचं औषध आधीच देतो म्हणाल्या. मॉर्फिनच्या जातीची औषधं जितकी कमी लागतील तितकी मळमळही कमी, हेही त्यांनीच सांगितलं. बधिर करण्याचा मला पटलेला फायदा हाच.

शुद्धीवर आले तेव्हा छिद्रं गप्प होती. आत कळ होती, रानजाई म्हणाली तशीच. दुखत नसताना गोळी घेतली, टिटवींची आठवण काढून. संध्याकाळी सातच्या सुमाराला बेंबी जागी झाली, पण मागच्या वेळी जी सुरी होती तिची या वेळी नुसती ठसठस होती. खांदा दुसऱ्या दिवशी सकाळी आलाच. मागच्यापेक्षा कमी. आणि या वेळी मला माहीत होतं तो कोण आहे. मी घाबरले नाही, आडवी झाले, नवऱ्याला सांगितलं "वायू आहे, जाईल." काल संध्याकाळी गेला.

टिटवी

गारवेल, हे वाचून ड्यूटीचा थकवा गेला. जखमा कोरड्या ठेव, आणि जड काही उचलू नकोस.

शुद्धीवर

छान. बेंबीपाशी लाली किंवा पाणी दिसलं तर फोटो नको, प्रत्यक्ष दाखवा.

कंदील

गारवेल, लवकर बऱ्या व्हा. आमची तारीख सोमवारची ठरली. तुमच्या तीन गोष्टींसारखी यादी बायको आणि मी आज रात्री बसून करतोय. एक सांगा, उशी कशी घेतलीत? आमच्याकडच्या सगळ्या मऊ आहेत.

गारवेल

मऊ नको, हात बुडतो आणि आधार मिळत नाही. लहान आणि घट्ट भरलेली घ्या. आणि दवाखान्यातून घरी येताना गाडीत पट्ट्याखाली तीच धरायला द्या, प्रत्येक खड्ड्याला उपयोगी पडते.